करमरकरांचा तिसरा गडी

आमचे करमरकर कुठलीही यादी खालून वर वाचत. हॉटेलात मेनूकार्ड आलं की पहिली नजर शेवटच्या ओळीवर. "वरचं सगळेच मागवतात हो," म्हणत. त्यामुळे दुबईच्या देरा भागातल्या उडुप्याकडे बसून मी कितीदा तरी डोशाऐवजी भलतंच काहीतरी खाल्लं आहे.

आमची कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीही देऱ्यातच. कुठल्या साइटवर कोण जाणार, तो आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे ठरवणं करमरकरांचं काम. "माणूस स्टँडबाय असतो, फालतू नसतो," हे त्यांचं पालुपद.

नवीन शतक लागलं, ऑफिसात इंटरनेट आलं आणि आमचे अमेरिकन मॅनेजर स्टीव्ह यांनी एक खेळ काढला. त्यांच्या जुन्या कॉलेजच्या फुटबॉल टीममधले, चढाई करणारे तीन गडी प्रत्येकाने निवडायचे. ते तिकडे शनिवारी जितकं पळतील तितके गुण इकडे आपल्याला. जिंकेल त्याला खाडीतल्या बोटीवर जेवण. हा फुटबॉल हातात घेऊन पळतात हे कळल्यावर करमरकर म्हणाले, "मग फूट कशाला?"

स्टीव्हनी एक तक्ता वाटला. प्रत्येक जागेसाठी पहिला, तो पडला तर दुसरा, तोही पडला तर तिसरा. आम्ही सगळ्यांनी पहिले उचलले. करमरकरांनी तिन्ही तिसरे.

"करमरकर, दे डोंट प्ले," स्टीव्ह म्हणाले.

"इन्शाल्ला, दे विल."

सहा आठवडे करमरकर शून्यावर. रविवारी सकाळी निकाल लागला की ते तो शांतपणे वाचत, अर्थात खालून. मग सातव्या आठवड्यात ब्रायन नावाच्या पहिल्या गड्याचा गुडघा मोडला. दुसरा परीक्षेत नापास झाला म्हणून त्याला बसवला. तिसरा, करमरकरांचा डॅनी, मैदानात उतरला आणि जो पळत सुटला तो थांबेचना. तीन आठवड्यांत करमरकर पहिल्या नंबरवर.

शेवटच्या आठवड्याआधी गडी बदलायची मुभा होती. करमरकरांनी डॅनीला काढला आणि ब्रायनचं नाव लिहिलं.

"ही इज आउट. सीझन खलास," स्टीव्ह म्हणाले.

"आय नो, सर."

करमरकर हरले, मी जिंकलो. सोबत एकाला नेता येत होतं, म्हणून बोटीवर मी त्यांनाच घेऊन गेलो. स्टीव्ह होतेच.

"असं का केलंत?" मी विचारलं.

करमरकर पापलेटचे काटे काढत होते. म्हणाले, "मी अबुधाबीत नवीन असताना परांचीवरून पडलो होतो. पाय मोडला. दुसऱ्या दिवशी एकजण हॉस्पिटलात संत्री घेऊन आला. साइटची नवी यादी त्याच्याकडून कळली. माझ्या जागी दुसरं नाव. बरोबरच होतं हो, काम थांबत नाही. पण नंतर सहा आठवडे कोणी फिरकलं नाही. घरी मी कळवलंच नव्हतं."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून एक ग्रीटिंग कार्ड काढलं आणि स्टीव्हपुढे सरकवलं. "सर, कॉलेजचा पत्ता पाहिजे होता."

आत सुवाच्य अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'डिअर ब्रायन, गुडघा कसा आहे? तुला डबा कोण आणतं?'

स्टीव्हनी ते दोनदा वाचलं. डबा म्हणजे काय, ते मला विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी माझं पेन मागितलं, करमरकरांच्या सहीखाली आपली सही केली आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.