आपण म्हणजे कोण?

नव्या मुलीचा मसुदा वाचून साहेब खो खो हसले आणि त्याच क्षणी मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

मास्तरांनी शाळेत कधीच शिकवलं नव्हतं. दिसेल त्याचं ऱ्हस्व-दीर्घ ते सुधारत, म्हणून मास्तर. कंपनी सॉफ्टवेअर बनवायची आणि ते कसं वापरायचं याच्या माहितीपुस्तिका मास्तर लिहायचे. इतकी वर्षं ते एकटेच लिहीत होते, त्यामुळे सर्वांत चांगलं लिहिणारेही तेच होते. मग ही नवी आली.

या खेपेचं काम एआय एजंटाचं होतं. विमा विकतो तो एजंट नव्हे, हा संगणकातला गडी. त्याला एखाद्या वेबसाइटवर जायचं झालं की ब्राउझरची खिडकी उघडायची, माणसाने तिथे स्वतः पासवर्ड टाकायचा आणि मग एजंटाने त्या माणसाच्या नावाने आत जाऊन काम करायचं. पासवर्ड त्याला दिसायचाच नाही. पुस्तिका माणूसही वाचणार होता आणि एजंटही. साहेबांनी मास्तरांना आणि नवीला वेगवेगळा मसुदा लिहायला बसवलं होतं. शुक्रवारी एक मसुदा निवडायचा होता आणि लेखन विभागाचा प्रमुखही तेव्हाच ठरणार होता.

"'पासवर्ड तुम्ही टाका. एजंटा, तू गप उभा राहा.' वा! पोरालासुद्धा कळेल!" साहेब म्हणाले.

"एजंटाला अरेतुरे? पुस्तिकेत?" मास्तर म्हणाले.

"त्याला कुठे राग येतोय, सर!" नवी म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले.

मास्तरांचा मसुदा कसा इस्त्रीतला होता. 'आपण लॉगिन करावे. त्यानंतर आपण आपले काम आपल्या नावाने पूर्ण करावे.' तो वाचून साहेब फक्त "बरं" म्हणाले.

घरी मास्तर जेवणावरून अर्धवट उठले.

"पोट दुखतंय का? गोळी देऊ?" बायकोने विचारलं.

"गोळीने जाणारं नाही ते."

"म्हणजे तिचं पुन्हा कौतुक झालं वाटतं."

मास्तर रात्रभर कूस बदलत राहिले. कालची पोर आणि आपल्याला शिकवते! शेवटी त्यांना वाटलं, खुद्द एजंटानेच आपल्या बाजूने कौल दिला तर साहेबांचं तोंड बंद होईल.

सकाळी त्यांनी एजंटाला दोन्ही मसुदे दिले, त्यातल्या आपल्याच मसुद्याप्रमाणे वागायला सांगितलं आणि हुकूम सोडला, 'मसुदे वाचून आपले मत कळवावे.' कोणाला कळवावे ते लिहिलं नाही. 'मला' हा शब्द त्यांना उर्मट वाटायचा. खिडकी उघडली, मास्तरांनी ऑफिसच्या साइटचा पासवर्ड टाकला आणि ते निवांत चहाला गेले.

परत आले तर सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघत होतं. हिशेबनीस चक्क उठून उभा राहिला.

"मास्तर, मानलं बुवा! एवढं मोठं मन!"

मास्तरांनी धावत जाऊन संगणकाचा पडदा पाहिला. ऑफिसच्या साइटवरच्या सूचनाफलकावर, सर्वांना दिसेल असा, त्यांच्याच नावाने मजकूर झळकत होता: 'मी दोन्ही मसुदे वाचले. माझा मसुदा वाचून कोणी काय करायचं, ते मलाच कळलं नाही. दुसरा उत्तम आहे. तोच घ्यावा ही विनंती.'

मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. 'आपले मत' म्हणजे एजंटाचं मत. आणि 'आपल्या नावाने' म्हणजे मास्तरांच्या! त्यांनी घाईघाईने टाइप केलं, 'तो मजकूर आपण ताबडतोब काढावा.'

'ठीक आहे,' एजंटाचं उत्तर आलं. 'आपण काढा. मी थांबतो.'

तेवढ्यात नवी डोळे पुसत समोर आली. मागे साहेब होते.

"सर, मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर जळता."

"छे छे! मी?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी पडद्यासमोर फाइल धरली.

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "शुक्रवारपर्यंत थांबायची गरजच नाही. पुस्तिका हिची, आणि प्रमुख तुम्ही! दुसऱ्याचं चांगलं असं मोकळ्या मनाने सांगणारा माणूसच त्या खुर्चीत हवा. आता दर आठवड्याला हिच्या लेखनावर असंच लिहीत चला."

ऑफिसने टाळ्या वाजवल्या. सर्वांत जोरात नवीने.

संध्याकाळी बायकोने बातमी ऐकली आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"अहो, प्रमुख झालात ना? मग पोट का धरलंय?"

"मी कुठला प्रमुख! ते मोठं मन त्याचं. खुर्ची खरं तर त्यालाच मिळाली."

"कोणाला?"

"एजंटाला," मास्तर दात-ओठ खात म्हणाले. "कालचा गडी आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितो!"

बायकोने कपाळाला हात लावला. भांड्यांचा ढीग तसाच पडला होता.

"जळणं झालं असेल तर आपण जरा भांडी घासावीत."

"आपण म्हणजे कोण?" मास्तर दचकून म्हणाले.

"तू!" बायको म्हणाली.

लग्नानंतर तिने त्यांना पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. मास्तर मुकाट्याने उठले आणि त्यांनी नळ सोडला.