दुर्गाबाईंचा दरबार

महिपतरावांनी कोटाची बटणं लावली, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं आणि भाषण सुरू केलं.

"सभापती महाराज, छावणीतल्या आमच्या गल्लीतल्या बायका आजही बावडीतून पाणी आणतात. पायऱ्यांवर शेवाळ आहे, धरायला कठडा नाही. मागणी एकच आहे. गल्लीत नळ द्या."

ते थांबले. आतून उत्तर आलं.

"दरबार गौर करेगा."

महिपतराव दचकले नाहीत. बायकोच्या, दुर्गाबाईंच्या तेराव्यानंतर पहिल्यांदा हा आवाज आला तेव्हा ते दचकले होते. हातातला तांब्या पडला होता. आत जाऊन पाहिलं तर चूल थंड आणि भांडी पालथी. पुढे आवाज रोज येऊ लागला आणि त्यांनी आत जाऊन बघणं सोडून दिलं. बघितलं की कोणी नसे. न बघितलं तर निदान उत्तर तरी येत असे.

हे उत्तर दुर्गाबाईंचंच होतं. महिपतराव हिंदी मुलखातल्या संस्थानाच्या प्रजासभेत विरोधी बाकावर बसत. समोर दरबारच्या बाजूने गृहखातं सांभाळणारे जयसिंहराव बसत. नळ मागा, शाळा मागा, सुईण मागा, जयसिंहराव उठत, "दरबार गौर करेगा" म्हणत, म्हणजे दरबार विचार करेल, आणि बसत. महिपतराव घरी भाषणाची तालीम करत तेव्हा दुर्गाबाई भाजी निवडता निवडता जयसिंहराव होत. पुढे पुढे त्यांना ते इतकं आवडलं, की महिपतरावांनी चहा मागितला तरी आतून तेच उत्तर येई. सभेत आणि घरात फरक एवढाच होता, की घरी थोड्या वेळाने चहा येई.

सभेच्या दिवशी दुर्गाबाई जरीकाठी लुगडं नेसून बायकांच्या सज्जात बसत. सज्जा महिपतरावांच्या बाकाच्या बरोबर वर होता आणि त्याला चिकाचा, बांबूच्या काड्यांचा पडदा होता. महिपतराव फार लांबण लावू लागले की वरून किल्ल्यांचा जुडगा वाजे. मग ते आवरतं घेत.

नळाची मागणी त्यांनी आधीही केली होती. दरबार गौर करत राहिला, आणि दुर्गाबाई त्याच बावडीच्या पायरीवरून घसरल्या. मांडीचं हाड मोडलं, त्यात ताप भरला. जाण्याआधी त्या म्हणाल्या होत्या, "मी गेले तरी नळाचं सोडू नका हं. शेजारची लीला त्याच पायऱ्या उतरते."

म्हणून आज महिपतराव पुन्हा मागणी मांडणार होते. नियमाने तीच मागणी एका प्रजासभेत दोनदाच मांडता येई; आज फेटाळली किंवा लोंबकळली, तर ही प्रजासभा असेतो ती पुन्हा मांडता येणार नव्हती.

त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि जुडगा कोटाच्या खिशात टाकला. ओसरीवर लीलाताई ज्येष्ठमधाचा काढा घेऊन उभ्या होत्या.

"काका, हे घ्या. घसा बसलाय तुमचा."

"कशाने बसतो कळत नाही. दुर्गा गेल्यापासून मी बोलतो तरी कुणाशी?"

लीलाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग पेला हातात देऊन त्या घाईने शेजारी आपल्या घरात गेल्या.

त्या दिवशी कुणाकडे तरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बायका सगळ्या तिकडे. सज्जा रिकामा होता आणि वारा नसताना चिक मात्र हलत होता. महिपतराव उभे राहिले. त्यांनी तालमीत बसवलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली. बावडी, शेवाळ, कठडा. बायकोचं नाव त्यांनी घेतलं नाही.

"मागणी एकच आहे. गल्लीत नळ द्या."

सवयीने ते थांबले. जयसिंहराव उठले. त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात किल्ल्या वाजल्या आणि सभागृहात सगळ्यांना ऐकू गेलं:

"दरबार गौर करेगा."

बाईचा आवाज होता. थोडा खरखरीत, थोडा थट्टेचा.

मग एकेक मान वर चिकाकडे वळली. महिपतरावांनीही वर बघितलं. घरात येणारा आवाज इथेही आला होता, आणि इथे तो त्यांना एकट्यालाच ऐकू आला नव्हता. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

जयसिंहराव पांढरेफटक पडले. त्यांना हा आवाज माहीत होता. दुर्गाबाईंच्या हातची पुरणपोळी त्यांनी अनेकदा खाल्ली होती. "भावजी, अजून एक," असं हाच आवाज म्हणत असे. आणि त्या घाटावर जळताना त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या.

सभापती दौलतसिंह तेवढे शांत होते, कारण त्यांना कमी ऐकू येई. "जवाब हो गया?" त्यांनी विचारलं.

"हुजूर, वो मैंने नहीं कहा," जयसिंहराव म्हणाले.

"तो अब आप कहिए."

जयसिंहरावांनी तोंड उघडलं. आत एकच उत्तर होतं, आणि ते कोणीतरी आधीच देऊन टाकलं होतं. दुसरं उत्तर त्यांना कधी लागलंच नव्हतं. ते कागद चाळू लागले. महिपतरावांनी भीतीने पाय बदलला. किल्ल्या पुन्हा वाजल्या.

"गौर... गौर हो चुका," जयसिंहराव चिकाकडे बघत म्हणाले. "मंज़ूर है. नल मंज़ूर है, वहिनी!"

आणि ते मटकन बसले.

खरा घोटाळा त्यानंतर सुरू झाला. कामकाज लिहिणारे कारकून उभे राहिले. ते पहिलं वाक्य कोणाच्या नावावर लिहायचं? शिपाई सज्जात धावला आणि परत येऊन म्हणाला, "ऊपर तो कोई नहीं है." त्याने हे इतक्या हळू सांगितलं की सगळ्यांनी ऐकलं. दौलतसिंहांनी निर्णय दिला, की सज्जातून कुणी बाई बोलली असेल तर नियमभंग झाला, मंजुरी रद्द. कुणी बोललंच नसेल तर वाक्य खोडा. पण खोडलं तर जयसिंहराव 'गौर हो चुका' म्हणाले ते कशावरून? शेवटी ठरलं की जयसिंहरावांनी दोन दिवसांत चौकशी करून लेखी सांगावं. तोवर नळ टांगणीला.

गावात मात्र चौकशी आधीच पुरी झाली. पाटणकर बाजारात दुर्गाबाईंनी चिक फाडून खाली उडी मारल्याचं सांगितलं जाऊ लागलं. सज्जात बसायला बायका तयार होईनात. दुसऱ्या दिवशी सकाळीच विरोधी बाकावरचे कान्होजी नारळ घेऊन महिपतरावांकडे आले.

"महिपतराव, माझ्या शाळेच्या छपराचं मंगळवारी आहे. वहिनींना जरा सांगून ठेवा ना."

"अरे, ती काय वकील आहे?"

"दस साल से छपराची मागणी करतोय. जिवंत माणसाने काम होईना म्हणूनच आलो, नाहीतर कशाला त्रास दिला असता त्यांना?" त्यांनी नारळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवला आणि दाराकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी बाहेर गेले.

दुपारी जयसिंहराव आले. एकटे, पायी. ओसरीवर जोडे काढताना ते आतल्या दाराकडे बघत होते.

"महिपतराव, खरं सांगा. सज्जात कोणाला बसवलं होतंत? लीलेला?"

"कोणाला नाही."

"मग मी लिहू काय? लिहिलं की कोणीतरी बसवलं, तर तुमचा नळ गेला. लिहिलं की वहिनी आल्या होत्या, तर माझी नोकरी गेली."

बाहेरचं दार लावलेलं होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर एक कावळा ओरडून गप्प झाला. पाहुण्याला काहीतरी विचारायला हवं म्हणून ते सवयीने स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "अगं, जयसिंहराव आलेत. चहा होईल का?"

थोडा वेळ गेला.

"दरबार गौर करेगा."

"ऐकलंत?" महिपतराव कुजबुजले. "रोज असंच येतं. मी आत बघत नाही. तुम्हीही बघू नका."

जयसिंहराव आत बघतच नव्हते. ते महिपतरावांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांची भीती गेली होती, पण चेहऱ्यावर जे आलं होतं ते भीतीपेक्षा बरं नव्हतं. मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराला हात जोडले.

"वहिनी, नळ लागेल. येतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी कळवलं, की ते वाक्य त्यांचंच होतं, घसा बसल्यामुळे आवाज बारीक निघाला. सभापतींनी मान डोलावली. कारकुनाने लिहून घेतलं.

दिवाळीच्या आधी गल्लीत नळ आला. जयसिंहरावांनी तोटी फिरवली. पहिला हंडा लीलाताईंनी भरला. लोक पांगल्यावर सकाळच्या काढ्याचा रिकामा पेला न्यायला म्हणून त्या महिपतरावांकडे आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"काका, एक बोलू? नळ लागेपर्यंत बोलले नाही. रागवायचं नाही."

"बोल."

"आपली भिंत एक आहे. मला रोज ऐकू येतं. आधी तुम्ही बोलता, मग तुम्हीच काकूंच्या आवाजात बोलता. अगदी हुबेहूब. म्हणून घसा बसतो तुमचा. आणि किल्ल्या तर तुमच्याच खिशात असतात."

महिपतराव हसले. मग हसायचे थांबले. खिशात हात घातला. जुडगा होता.

"म्हणजे सभेतही मीच?"

"तुम्हीच काका. दुसरं कोण असणार?"

त्या गेल्या. महिपतराव ओसरीवर बसले. नळ मिळाला होता, पण त्यांना वाटलं की दुर्गाबाई खऱ्या आज गेल्या. बाहेर तोटीचं पाणी कुणाच्यातरी हंड्यात पडत होतं.

मग ते उठले. एकदा खात्री करून घ्यायला हवी होती. जुडगा खिशातून काढून त्यांनी खुंटीला टांगला आणि तो हलायचा थांबेपर्यंत वाट पाहिली. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड केलं.

"अगं, नळ आला. चहा होईल का?"

लगेच त्यांनी ओठ मिटले आणि वरून दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. इतकं, की श्वास घ्यायला फक्त नाक उरलं. किल्ल्या खुंटीवर स्थिर होत्या. भिंतीपलीकडे लीलाताईंचाही आवाज नव्हता.

काहीच झालं नाही. ते हात खाली घेणार होते.

"दरबार गौर करेगा."

महिपतरावांनी हात काढले नाहीत. तसेच, तोंड दाबून, ते पाटावर बसले. आत बघायला गेले नाहीत. खुद्द तिच्या दरबाराने गौर केलं आणि चहा आला नाही, असं इतक्या वर्षांत एकदाही झालं नव्हतं.