डब्ब्याला खिडकीची जागा

आमच्या घरात कागद यायचा तो सुक्या झिंग्यांच्या पुड्या बांधायला. बाबा तलावात जाळं टाकायचे, आई बाजारात बसायची, आणि उन्हाळ्यात दोघंही जंगलात तेंदूपत्ता तोडायला. अशा घरातली मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचले, तर सर म्हणाले, "प्रकल्प वर्डमध्ये आणा. माशांच्या स्लाइडची पावरपॉइंट फाइल त्याच्याच पोटात घाला."

मी नागभीडला धनराजभाऊंच्या टायपिंगच्या दुकानात गेले. हा माणूस कम्प्युटरला 'जी' म्हणायचा आणि गिऱ्हाइकाला 'काऊन बे'. सकाळी बटण दाबताना, "उठा जी." मशीन अडकलं की, "दमले काय जी? घ्या थोडा दम." कोणी घाई केली की त्याच्यावर डाफरायचे, "तुह्या बापाचे नोकर हायत काय ते?"

माझी फाइल त्यांनी छान बांधली. वर्डच्या पानावर बाबांच्या फोटोतली, त्यांनी हातात धरलेली मरळ दिसायची. तिच्यावर दोनदा टिचकी मारली की सगळ्या स्लाइड उघडायच्या. टिचकीआधी भाऊ म्हणणारच, "उघडा जी."

परीक्षेच्या आदल्या दिवशी चंद्रपूरला कॉलेजात करून पाहिलं. मरळ दिसली, टिचकी मारली, पण ढिम्म. प्रोग्राम सापडत नाही, असा इंग्रजी निरोप तेवढा आला. नापास झाले असते तर घरी माझ्या लग्नाची बोलणी तयारच होती. मी तशीच नागभीडला आले आणि दुकानात रडायला लागले.

"काऊन रडून राह्यली वं? मासा दिसते ना?"

"दिसते, पण उघडत नाही."

"मंग फाइल आतच हाय. ते उघडणारा पावरपॉइंट त्या मशीनमंधी नसंन. दुसरी मशीन?"

"एकच आहे. आणि पावरपॉइंट टाकावा तर सीडीचा खण बिघडलाय."

भाऊंनी कम्प्युटरकडे पाहिलं. "चाला जी, चंद्रपूर पाहू."

कधी अर्धा दिवसही दुकान बंद न ठेवणारा हा माणूस सकाळी मॉनिटर सोडून नुसता डब्बा गोधडीत गुंडाळून स्टेशनवर हजर. गाडीत डब्ब्याला खिडकीची जागा, भाऊ उभे.

"भाऊ, हे गाठोडं खाली ठेवा ना, मले बसू द्या," एक बाई म्हणाली.

"त्यायले धक्का सोसत नाई बाई."

बाई घाबरून सरकली. आत काय आहे, हे तिनं शेवटपर्यंत विचारलं नाही.

कॉलेजच्या मॉनिटरला भाऊंनी आपला डब्बा जोडला. परीक्षक समोर बसलेले. भाऊ वाकून पुटपुटले, "उघडा जी. पोरीचं वर्ष हाय." मी टिचकी मारली. बाबांची मरळ पडदाभर पसरली.

मी बाहेर आले तेव्हा भाऊ व्हरांड्यात उभे होते. मार्कांचं काही नाही, एवढंच विचारलं, "बाबाचा फोटो पाह्यला ना सर्वायनं?"

परतीच्या गाडीत मी विचारून टाकलं, "भाऊ, तुम्ही मशीनला 'जी' काऊन म्हणता?"

ते गोधडीचं टोक नीट करत राहिले. "बायको मले 'जी' म्हने, मी तिले 'जी' म्हनो. लोकं हासत. ते गेली. आता घरी कोनाले म्हनू? सवय मोडू नाई, बस."

नागभीडला उतरताना गोधडीचं दुसरं टोक मी धरलं.

मी पास झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. पदवीचा तो कागद आईनं भिंतीला लावला आहे, जाळ्याच्या खुंटीशेजारी.