जनूमामांचे पाच गडी

जनूमामांकडे मी पहिल्यांदा ब्लाउज शिवायला टाकला, तेव्हा त्यांनी माप घेतलं, टेप गळ्यात टाकली, दोन पावलं मागे सरकून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तू पडलीस तर डाव्या कुशीवर पडशील."

मी नुकतीच लग्न होऊन खोपोलीत आले होते. खालापूरच्या शाळेत नोकरी लागली होती. नव्या गावात शिंपी असं बोलतो म्हटल्यावर मी कापड परत मागितलं. बाकावर बसलेली एक बाई शांतपणे म्हणाली, "मनावर घेऊ नका. मला पाठीवर सांगितलंय."

पुढे कळलं की बाजारातल्या जवळजवळ प्रत्येकाला आपण कसे पडणार हे ठाऊक आहे. कुंभिवलीचे एक माजी सरपंच तोंडावर. "पुढं वजन हाय त्यांचं." सुटाचं माप द्यायला आलेल्या नवरदेवाला मामा म्हणाले होते, "ह्यो पडताना हात पसरील. बगलेत कापड जास्त सोडाया लागंल." आणि तसं ते सोडलंही. बँकेचे एक मॅनेजर दुकानाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरले आणि मामांनी वर्षभरापूर्वी सांगितलं होतं तसे बरोबर बसले. मामा हसले नाहीत. हात देऊन उठवलं, आत नेलं, पँट तिथल्या तिथे रफू करून दिली. एवढंच म्हणाले, "कंबर जड हाय. मी बोललो होतो."

ही विद्या कुठली, असं विचारलं की एकच उत्तर, "त्या हेरवाल्या पिक्चरपासनं."

सिनेमाचं नाव ते कधी घ्यायचे नाहीत. पण तो गुप्तहेराचा सिनेमा आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, कारण त्यातली मारामारी आपल्या घाटात झाली. पांढऱ्या सुटातला हेर शत्रूच्या माणसाशी कड्याच्या टोकावर झुंजतो, त्याला दरीत ढकलतो, टाय सरळ करतो आणि निघून जातो. दरीत जो जातो तो माणूस नव्हे. तो जनूमामांनी शिवलेला बाहुला.

तेव्हा मामा बावीस-तेवीस वर्षांचे होते, स्वतःचं दुकान नुकतंच टाकलेलं. सिनेमावाल्यांनी मुंबईहून आणलेला बाहुला सरळ दगडासारखा खाली गेला. दिग्दर्शक भडकला. "आदमी गिराना था, आटे की बोरी गिरा दी," असं म्हणाला म्हणे. मग त्यांचा एक माणूस शिंपी शोधत बाजारात उतरला आणि मामांच्या दुकानात येऊन टेकला.

मापं द्यायला शत्रूचा माणूस स्वतः आला. पडद्यावर एवढा क्रूर दिसणारा हा नट चहा बशीत ओतून प्यायचा आणि उंचीला इतका घाबरायचा की कड्यापासून दहा पावलांवरच मांडी घालून बसायचा. तो मामांना हळूच म्हणाला, "बाहुल्याचं पोट जरा कमी ठेवा हो. पिक्चर आई बघणार आहे." मामांनी दोन इंच कमी केलं.

धडात पेंढा, मांड्यांत भाताचा तूस, बुटांत वाळू. गुडघ्याला कापडाची बिजागरी. मान सैल. हे सांगताना मामा हातातलं काम बाजूला ठेवायचे. "माणूस पयला कमरंतनं जातो. डोकं मागनं येतं. डोक्याला अजून ठावं नसतं ना."

हे बावीस वर्षांच्या शिंप्याला कसं ठाऊक, असं तेव्हा कुणी विचारलं नाही. नंतर मीही विचारलं नाही.

असे पाच बाहुले झाले. मामा त्यांना 'गडी' म्हणायचे. पाचही पडले, कारण कधी ढग आला, कधी हेराचा टाय उडून तोंडावर बसला. दर वेळी गडी खाली गेला की मामा कडेकडेने झाडं धरत दरीत उतरायचे आणि त्याला पाठीवर घेऊन वर यायचे. सिनेमावाले ओरडायचे, "छोड़ दो, दूसरा है ना!" मामा ऐकायचे नाहीत. पाचव्या खेपेला ऊन उतरलं, सिनेमावाले सामान भरून निघून गेले. मामा वर आले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग गडी पाठीवर टाकून घाट उतरायला लागले. वाटेत एका हवालदाराने अडवलं.

"कोण हाय रं ह्यो?"

"मेलेला माणूस," मामा म्हणाले. "सिनेमातला."

हवालदाराने पायाला चिमटा काढून बघितला आणि मगच सोडलं.

यशोदामामी ही गोष्ट वेगळ्या टोकापासून सांगायची. "मी लग्न होऊन आले, तं ओसरीवर पाच जण भिंतीला टेकून बसलेले. सगळे एका मापाचे. नाक नाय, डोळे नाय. मी म्हटलं, दीर असतील."

त्या गड्यांना घराबाहेर काढायला तिला तीन वर्षं लागली.

यंदा मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुकान आता बंदच आहे. मी एका रविवारी सकाळी भेटायला गेले. कुणीतरी तो सिनेमा मोबाइलवर टाकला होता, तोच दाखवावा म्हणून. मामी ताटात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मामा, नव्या डोळ्यांनी तुमचा पिक्चर बघा."

"मी नाय पायला तो," मामा म्हणाले.

मला वाटलं, पुन्हा नाही पाहिला असं म्हणताहेत. पण त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता. खोपोलीच्या थिएटरात तो महिनाभर चालला, अख्खा बाजार जाऊन आला, आणि हे गेले नव्हते.

मी घाटाचा भाग लावला. मामांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला. झुंज झाली, हेराने ढकललं, गडी कमरेतून वाकून खाली गेला. त्याची मान मागून आली. हेराने टाय सरळ केला.

"दिगू आसाच गेला," मामा म्हणाले.

दिगू म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. ट्रक चालवायचा, घाटात अपघाती गेला, एवढं मला माहीत होतं. मामीलाही तेवढंच माहीत होतं.

"मी व्हतो तिथं," मामा म्हणाले. "पुण्यास्नं कापड आणाया त्याच्या गाडीतनं निघालो व्हतो. इंजन तापलं म्हणून मी झऱ्यावर पाणी आणाया उतरलो. तेवढ्यात गाडी मागं निघाली. ब्रेक लागंना. त्यानं दार उघडून उडी टाकली, पन खाली रस्ता नव्हता."

मामीचा हात ताटातच थांबला.

"मानसं जमली. बोलली, आता अंधार पडंल, सकाळी उतरू. मी एकटा जाऊ शकलो असतो. वाट दिसत व्हती. पन पाय उचललाच नाय माझा. कठडा धरून हुबा ऱ्हायलो. सकाळी गेले त्यांनी सांगितलं, अंग अजून गरम व्हतं."

मामा मोबाइलकडे बघतच पुढे म्हणाले, "वर्ष बी झालं नव्हतं त्याला. मग हे सिनेमावाले आले. पयल्या गड्याच्या मागं उतरलो तवा झाड सोडवत नव्हतं हातातनं. पाचव्याला नाय काय वाटलं."

"पन्नास वर्सं झाली," मामी म्हणाली. "मला बोलला नाय तुमी."

"काय बोलू?"

"आन मी त्या बाहुल्यांवरनं भांडत व्हते."

"तुला ठावं नव्हतं."

मामीने ताट बाजूला सरकवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, मामांच्या बाजूला पलंगावर येऊन बसली आणि कनवटीतून चष्म्याचं पाकीट काढून चष्मा लावला.

"परत लाव गं," ती मला म्हणाली. "मी बघते."

मी लावलं. गडी कमरेतून वाकला तशी मामीने मामांचं मनगट धरलं. सिनेमा पुढे चालू राहिला, एक गाणं आलं, आणि ती दोघं ते गाणंही तसंच बघत बसली.