तिर्साबाईने पत्र पोचविले त्याची हकीकत

ज्या धन्याने आभाळ आणि भुई केली त्यास स्मरोन, पाहिले आणि ऐकिले तेवढेच लिहितो. सुभेदाराच्या अमलाचे नववे साल, जैतुनाची फळे झाडांवरोन झोडपण्याचा मास, त्यात एके दिवशी नगरात पत्र आले आणि पत्र आणणारी आली नाही. पत्र थोरल्या प्रेषितांचे. हे ख्रिस्तप्रभूंचा शब्द देशोदेशी सांगत, क्रोध बहुत, आणि क्रोध उतरला की लेकरासारखे रडत, आणि ताटातले अर्धे दुसऱ्यास देत, आणि कोणास दिले ते विसरत. शिडे शिवणारा जबूद याची बायको तिर्सा त्यांस घोंगडी पोचवोन पत्र घेऊन परत येत होती. वेशीवर पुरुषांची झडती होई, बायकांची नव्हे, म्हणोन पत्रे बायकांनी न्यावी ऐसा नगरातील ख्रिस्ती मंडळीचा रिवाज. मग सोबतच्या गाढववाल्याने सांगितले, "नदीला पूर. बाईंनी मेणकापडातले पत्र दोन्ही हातांनी डोईवर धरिले होते. दोरी धरा, म्हणोन मी ओरडलो. त्यांनी आधी पत्र माझ्या हाती दिले आणि मग गेल्या."

मंडळीने पत्र सुखरूप आले म्हणोन देवाचे उपकार मानिले आणि मंडळीचे मुख्य जे वडील, त्यांनी ते वाचिले. पंगतीस उशिरा येणाऱ्यांसाठी कालवण राखावे, हा मुख्य मजकूर. शेवटी एकोणीस जणांस नावानिशी सलाम, आणि ज्याचे नाव येई तो उभा राही. पत्र आणणारीचे नाव लिहीत नसत, कां की ती समोर उभीच असे. जबूद म्हणाला, "तिचे नाव घाला." वडील म्हणाले, "प्रेषितांच्या अक्षरांत आपण भर घालू नये, बाबा."

मग जबूद बारा दिवस चालोन प्रेषितांपाशी गेला. ते म्हणाले, "तीस स्वर्गी मुकुट मिळाला."

"मुकुट राहो, महाराज. तीस पोहता येत नव्हते, हे आपणांस ठाऊक होते?"

"तिनेच सांगितले होते."

"मग पूर ओसरेतो ठेवोन कां घेतली नाही?"

प्रेषित खाली पाहो लागले. म्हणाले, "मज घाई होती." मग रडले, आणि लेखकास म्हणाले, "दुसरे पत्र लिही. आमची बहीण," आणि तेथे थांबले, आणि जबूदाकडे पाहिले.

जबूद म्हणाला, "तीन वर्षे आमच्या घरी राहिलात. तिच्या हातची भाकर खाल्लीत. नाव आपणच आठवावे." आणि चालता जाहला. मग प्रेषितांनी एकामागोन एक तीन बायकांची नावे सांगितली आणि आपणच खोडविली, ऐसे लेखक पुढे सांगे. चौथे दिवशी सुभेदाराचे शिपाई आले आणि प्रेषितांचे शिर मारिले. मरतेसमयी डगमगले नाहीत, हेही खरे.

सारांश, प्रेषित धीट, दयाळू आणि विसराळू. त्यांचे पत्र आता सात नगरी वाचितात आणि कालवण राखितात. तिर्सेचे नाव त्यांत घालावयाचे राहिले आहे.