उसना श्वास

२०२३ सालच्या माघात, थंडी ओसरत असताना, कोयनाकाठच्या लाकूड-संशोधन केंद्रातली तुळई लोकांना श्वास उसना देऊ लागली.

झाडं माणसांचा उच्छ्वास घेऊनच वाढतात. पातळ फळ्या एकमेकींवर चिकटवून केलेल्या तुळईत तो कोंडून राहतो. म्हणून घरं अशा लाकडाची बांधावीत, असं केंद्राचं म्हणणं होतं. उसनवारी मागाहून सुरू झाली.

येसू गुरवांची तुतारी दम्यामुळं खुंटीला लागली होती. दुपारी नातीचं लग्न. सकाळीच ते केंद्रात हजर झाले.

"एक श्वास पायजे. लांब."

"कारण?" केंद्राच्या प्रमुख आमोदिनी मॅडमनी विचारलं.

"नात बोहल्यावर चढतीया. तिच्या मांडवात दुसऱ्यानं तुतारी फुंकायची?"

"तुळईवर वजन ठेवून चाचणी चालू आहे. श्वास कमी झाला की ती वाकते. संध्याकाळी परत हवा."

"ह्यातला साग आमच्या देवळापुढचा. जन्मभर त्याच्याखाली फुंकली. माझाच श्वास हाय त्यो."

"झाडानं घेतला तो झाडाचा. नियम आहे."

"मग उसना द्या."

शिपाई घोलप म्हणाला, "बाबा, परवा एकानं फुगे फुगवायला नेला. परत आणला तो निम्मा. वर तंबाखूचा वास."

"मी गुरव हाय. बुडव्या न्हाई."

येसूबांनी फळ्यांच्या सांध्याला तोंड लावून श्वास ओढला. तुळई बोटभर वाकली. स्वतःचा श्वास नाकानं चालू ठेवून उसना त्यांनी गालात धरला. एसटीत कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं. उत्तर येईना, तेव्हा त्यानं शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडलं.

मांडवात तुतारी अशी वाजली की बँडवाले थांबले आणि नवरदेवाची घोडी मागं सरली.

संध्याकाळी वरात केंद्रापाशी थांबवून येसूबा उतरले. सांध्यात फुंकर घातली. तुळई निम्मीच वर आली. त्यांना खोकला आला.

"राहिलेला उद्या द्या," घोलप म्हणाला.

"आजचं ठरलंय."

नवरी शलाका शालू सावरत आत आली. "आबा, सरका."

"उसनं मी घेतलंय."

"शेजारून साखर पण तुम्हीच मागवायचा. परत वाटी कोण न्यायचं?"

"तू."

"कशी?"

"शीग लावून," म्हणत येसूबा बाजूला झाले.

शलाकानं फुंकर घातली. मग नवऱ्यानं, वऱ्हाडानं, बँडवाल्यांनी. तुळई सरळ झाली आणि बोटभर वर गेली. तिच्यावरची वजनं खडखडली.

मॅडमनी वाकून पाहिलं.

"फिटलं," त्या म्हणाल्या.