पाच मतदार, चार मतं

मतदानाच्या मशीनवर विश्वास ठेवायचा की नाही, हा वाद आमच्या रामनगरच्या घरात जेवताना निघाला आणि त्यात माझी हार्मोनियम गेली.

मी शाळामास्तर. वीस वर्षं निवडणुकीची ड्युटी करतोय. (वर्ग मला सांभाळता येत नाही असं हेडमास्तर म्हणतात, मतदान केंद्राबद्दल मात्र कुणाची तक्रार नाही.) माझा मेव्हणा प्रवीण खानापूरहून चार दिवसांसाठी आला आणि वर्षभर राहिला. तो आमटीत भात कालवत म्हणाला, "दाजी, मशीनचं काय खरं न्हाई." माझं डोकं फिरलं. आधीचं चाचणी मतदान, सील, एजंटांच्या सह्या, चिठ्ठ्यांची पडताळणी, सगळं समजावलं. तो पापड मोडत राहिला. मग मी ठरवलं, ह्याला घरातच निवडणूक घेऊन दाखवायची.

विषय बायकोनं, सुशीलानं, फार पटकन सुचवला: माझी हार्मोनियम घरात ठेवायची की देवळात द्यायची. मी रोज पहाटे तासभर रियाज करतो. घरच्यांना तो आवडतो याची मला खात्री होती, म्हणून बिनधास्त हो म्हटलं.

मशीन कुठून आणणार? चकलीचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली. यादीत मी, आई, सुशीला, मुलगी प्राजक्ता आणि प्रवीण. डबा रिकामा असल्याचं उपडा करून दाखवलं (दोन चकल्या निघाल्या, त्या आईनं जप्त केल्या). वर लाखेचं सील, त्यावर प्रवीणची सही. रजिस्टरात सही, बोटाला शाई, मग कपाटाआड मतदान. आईकडे मी ओळखपत्र मागितलं.

"तुजं नाव मीच ठेवलंय, मेल्या," ती म्हणाली. तरी मी आधार कार्ड पाहिलंच. बरोबर पाचला मतदान बंद केलं.

प्रवीणसमोर सील फोडलं. घरात ठेवा, दोन. देवळात द्या, दोन. एकूण चार.

प्रवीणचा चेहरा उजळला. पाचवं मत कुठं गेलं, असं त्यानं फार गोड आवाजात विचारलं.  वीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. तीनदा मोजलं, डबा आपटला, कपाटाखाली झाडू फिरवला. शेवटी प्राजक्तानं रजिस्टर उघडलं.

"बाबा, एक नंबरसमोर सहीच न्हाई. तुम्ही मत दिलंच न्हाई."

खरंच की! दुसऱ्यांची मतं सांभाळता सांभाळता माझंच राहिलं होतं. मी घाईनं चिठ्ठी उचलली, तर सुशीलानं घड्याळाकडे बोट दाखवलं.

"पाच वाजून गेलं, अवो. ड्युटीवरच्या माणसानं पोस्टल मताचा अर्ज आधी द्यायचा असतोय. तुम्हीच सांगता न्हवं?"

मतं समान पडली की चिठ्ठ्या टाकायच्या, हा नियमच आहे. आईनं डोळे मिटून एक उचलली. देऊळ. प्रवीणनं माझा हात हातात घेतला आणि पद्धत पक्की हाय, आपल्याला पटली, असं कबूल केलं. मला रडू येत होतं.

संध्याकाळी हार्मोनियम घेऊन देवळात गेलो. भजनी मंडळाचे प्रमुख महाबळेश्वरबुवा खूश झाले. रोज पहाटे इथं येऊन रियाज केला तर चालेल ना, असं मी विचारलं. त्यांनी मंडळींकडे पाहिलं आणि कुणाचा विरोध असेल तर हात वर करा म्हणाले. चौदा माणसं होती, चौदा हात वर झाले. मी फेरमोजणी मागणार, तेवढ्यात पुजाऱ्यानं आरतीचं तबक खाली ठेवून आपलाही हात वर केला.